नागपूर परिसरातील स्नानस्थळांच्या पाण्याच्या गुणवत्तेचे निरीक्षण

नागपूर परिसरातील स्नानस्थळांच्या पाण्याच्या गुणवत्तेचे निरीक्षण म्हणजे नागपूर शहर व जिल्ह्यातील तलाव, नदीघाट आणि संगमस्थाने यांचे पाणी माणसाने त्यात उतरण्यास, आंघोळ करण्यास वा पोहण्यास सुरक्षित आहे किंवा नाही, याची ठरावीक निकषांवर केली जाणारी नियतकालिक तपासणी होय. नागपूर समुद्रापासून दूर असल्यामुळे येथे समुद्रकिनारे नाहीत. किनारी प्रदेशात पुळणींवरील पाण्यासाठी जी तपासणी केली जाते, तिचे येथील प्रतिरूप म्हणजे तलाव व नदीघाट यांची तपासणी. दोन्ही ठिकाणी मुख्य प्रश्न एकच असतो: पाण्यात मानवी विष्ठेतून येणारे रोगजंतू असण्याची शक्यता किती आहे? पाणी स्वच्छ दिसते किंवा नाही, यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणी आवश्यक असते.

पार्श्वभूमी

नागपूर हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. शहरातील बहुतेक तलाव नैसर्गिक नसून ओढ्यांवर बांध घालून तयार केलेले आहेत. गांधीसागर तलाव (जुने नाव शुक्रवारी किंवा जुम्मा तलाव) हा गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातील मानला जातो. फुटाळा (तेलंगखेडी), सक्करदरा आणि सोनेगाव हे तलाव भोसले राजवटीशी निगडित आहेत. नाग नदीवरील अंबाझरी तलाव १८७० च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला. पिवळी नदीच्या उगमाजवळील गोरेवाडा तलाव विसाव्या शतकाच्या आरंभी याच हेतूने तयार झाला. पुढे शहराचा पाणीपुरवठा पेंच व कन्हान या नद्यांवर आधारित झाला. पिण्याच्या पाण्याचे स्रोत म्हणून शहरातील जुन्या तलावांचे महत्त्व त्यामुळे कमी झाले, आणि त्यांचा उपयोग मुख्यतः करमणूक, नौकाविहार, मासेमारी व मूर्तिविसर्जन यांसाठी होऊ लागला.

प्रत्यक्ष स्नानाची परंपरा शहराबाहेरील तीर्थस्थळी अधिक आढळते. रामटेक येथील अंबाळा तलावाच्या घाटांवर भाविक स्नान व श्राद्धकर्मे करतात. कामठीजवळ कन्हान नदीचे घाट आहेत. कुही तालुक्यातील आंभोरा येथे कन्हान नदी वैनगंगेला मिळते. तेथील चैतन्येश्वर मंदिरामुळे हे ठिकाण प्रसिद्ध असून, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ येथे रचला अशी एक परंपरा आहे. महाशिवरात्रीसारख्या पर्वांना आंभोऱ्यास मोठ्या संख्येने लोक येतात.

या स्थळांचा शहराशी जलमार्गाने संबंध आहे. नाग नदी लाव्हा परिसरातील टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीतून पुढे शहराच्या मध्यभागातून वाहते, शहराच्या पूर्वेस पिवळी नदीचे पाणी घेऊन कन्हानला मिळते. कन्हानचे पाणी आंभोऱ्यास वैनगंगेत आणि तेथून गोसेखुर्द (इंदिरा सागर) जलाशयात जाते. कामठीचे घाट नाग नदीच्या संगमाच्या वरच्या बाजूस, तर आंभोरा खालच्या बाजूस आहे. त्यामुळे नागपुरात नाग नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा परिणाम कामठीला होत नसला तरी आंभोऱ्याच्या स्नानस्थळी होऊ शकतो. स्नानस्थळाची तपासणी केवळ घाटापुरती मर्यादित ठेवता येत नाही, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

निरीक्षण यंत्रणा

महाराष्ट्रात जलप्रदूषण प्रतिबंधासाठी १९६९ साली राज्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यानुसार १९७० साली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ साली आला आणि महाराष्ट्राने तो १९८१ साली स्वीकारला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९७८ साली जागतिक पर्यावरण निरीक्षण प्रणालीच्या अंतर्गत देशातील निवडक ठिकाणी नद्यांची तपासणी सुरू केली. तिचा विस्तार होऊन राष्ट्रीय जल गुणवत्ता निरीक्षण कार्यक्रम आकाराला आला. या कार्यक्रमातील महाराष्ट्राचे काम राज्य मंडळ पाहते. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय व प्रयोगशाळा नागपूर येथे आहे.

पाण्याच्या अभ्यासातील देशातील प्रमुख संस्था नागपुरातच आहे. १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था येथे स्थापन झाली. १९७४ साली तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) असे झाले. पाणीपुरवठा, सांडपाणी प्रक्रिया आणि जलजन्य रोग हे तिच्या स्थापनेपासूनचे विषय आहेत. तलाव व सांडपाणी व्यवस्था यांची प्रत्यक्ष जबाबदारी मुख्यतः नागपूर महानगरपालिकेकडे आहे. ग्रीन व्हिजिल फाउंडेशनसारख्या स्वयंसेवी संस्था सुवाह्य उपकरणसंच वापरून तलावांच्या पाण्याचा सामू, गढूळपणा व विरघळलेला ऑक्सिजन मोजतात. असे मोजमाप प्रयोगशाळेतील जिवाणू चाचणीची जागा घेऊ शकत नाही, परंतु दोन अधिकृत तपासण्यांमधील काळातले बदल त्यातून लक्षात येतात.

निकष

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गोड्या पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग केले आहेत. ‘अ’ वर्गातील पाणी केवळ निर्जंतुक करून पिण्यायोग्य होते. ‘ब’ वर्ग खुल्या जागी सामूहिक स्नानासाठी आहे. ‘क’ वर्गातील पाणी पारंपरिक शुद्धीकरण प्रक्रिया व निर्जंतुकीकरण यांनंतर पिण्यासाठी, ‘ड’ वर्गातील मत्स्यपालन व वन्यजीवांसाठी, तर ‘इ’ वर्गातील सिंचन व औद्योगिक शीतनासाठी वापरता येते. स्नानाच्या पाण्यासाठीचे प्राथमिक निकष पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या अंतर्गत २००० साली अधिसूचित झाले. ते पुढीलप्रमाणे आहेत.

| घटक | निकष |
|---|---|
| विष्ठाजन्य कोलिफॉर्म (दर १०० मि.लि.मध्ये) | ५०० इष्ट, २,५०० कमाल अनुज्ञेय |
| विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकॉकाय (दर १०० मि.लि.मध्ये) | १०० इष्ट, ५०० कमाल अनुज्ञेय |
| सामू | ६.५ ते ८.५ |
| विरघळलेला ऑक्सिजन | दर लिटरला ५ मि.ग्रॅ. किंवा अधिक |
| जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (२७° से., ३ दिवस) | दर लिटरला ३ मि.ग्रॅ. किंवा कमी |

इष्ट व कमाल अशा दोन मर्यादा देण्यामागे ऋतुमान आणि प्रवाह यांनुसार होणारे चढउतार लक्षात घेण्याचा हेतू आहे.

कोलिफॉर्म गटातील बहुसंख्य जिवाणू स्वतः रोगकारक नसतात. ते माणसाच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात विपुल असतात. पाण्यात ते सापडले म्हणजे विष्ठा पाण्यात मिसळली असून तिच्यासोबत विषमज्वर, पटकी, आमांश किंवा कावीळ यांचे रोगजंतू येण्याची शक्यता आहे, असा निष्कर्ष काढतात. प्रत्येक रोगजंतू वेगवेगळा शोधणे खर्चिक व वेळखाऊ असल्यामुळे अशा ‘दर्शक’ जिवाणूंवर भर दिला जातो. विरघळलेला ऑक्सिजन आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी हे दोन निकष त्यांना पूरक आहेत. पाण्यात कुजणारा सेंद्रिय पदार्थ वाढला की मागणी वाढते आणि ऑक्सिजन घटतो. ऑक्सिजन पुरेसा असेल तर जवळपास वरच्या बाजूने ताजे सांडपाणी मिसळत नसावे, असा अंदाज बांधता येतो.

कृत्रिम जलतरण तलावांना हे निकष लागू होत नाहीत. तेथील पाण्यासाठी भारतीय मानक ३३२८ आहे, आणि गाळणे व क्लोरीन मिसळणे या मार्गांनी पाण्याची शुद्धता सतत राखता येते. खुल्या तलावात अशी सोय नसल्यामुळे दूषित पदार्थ पाण्यात येऊ न देणे हाच मुख्य उपाय उरतो.

नमुना घेण्याची व तपासण्याची पद्धत

जिवाणू चाचणीसाठी नमुना निर्जंतुक बाटलीत घेतात. बाटलीचे तोंड हाताने स्पर्श न करता पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंमी खोलीवर उघडतात, म्हणजे वरचा तरंगता थर नमुन्यात येत नाही. लोक जेथे पाण्यात उतरतात, ती जागा नमुन्यासाठी योग्य मानली जाते. तलावाच्या मध्यभागी घेतलेला नमुना तलावाची सर्वसाधारण स्थिती सांगतो, पण काठावरील नाल्याच्या तोंडाशी असलेला धोका त्यातून दिसत नाही. नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. अशा वेळी बाटली उघड्यावर राहिल्यास जिवाणूंची संख्या बदलून निष्कर्ष निरुपयोगी ठरतो.

कोलिफॉर्म मोजण्याची बहुनलिका पद्धत भारतात दीर्घकाळ वापरात आहे. लॅक्टोजयुक्त द्रवाच्या अनेक नलिकांत पाण्याचे वेगवेगळे प्रमाण घालून त्या उबवतात. जिवाणू वाढल्यास वायू तयार होतो आणि आतल्या लहान उलट्या नलिकेत साठतो. किती नलिकांत वायू आला, यावरून संख्याशास्त्रीय तक्त्याच्या साह्याने ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ काढतात. विष्ठाजन्य कोलिफॉर्म वेगळे ओळखण्यासाठी दुसरी उबवण ४४.५° से. तापमानाला करतात, कारण इतर अनेक कोलिफॉर्म त्या तापमानाला वाढत नाहीत. या साऱ्या प्रक्रियेस दोन ते चार दिवस लागतात. सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून पाणी गाळून त्यावर वाढलेल्या वसाहती मोजण्याची दुसरी पद्धत तुलनेने जलद आहे, पण गढूळ पाण्यात पटल लवकर चोंदते.

विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजताना नमुना जागेवरच रसायने घालून स्थिर करावा लागतो. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी पाश्चात्त्य देशांत २०° से.ला पाच दिवसांची धरतात. भारतातील उष्ण हवामानामुळे ती २७° से.ला तीन दिवसांची मोजली जाते.

प्रदूषणाचे स्रोत

सांडपाणी: नागपुरातील जलाशय व नद्या यांच्यापुढील सर्वांत मोठा प्रश्न घरगुती सांडपाण्याचा आहे. मलनिस्सारण वाहिन्यांना न जोडलेल्या वस्त्यांचे आणि गळक्या वाहिन्यांचे पाणी नाल्यांतून नाग व पिवळी नद्यांत जाते. शहराच्या पूर्वेस भांडेवाडी येथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत, आणि तेथील प्रक्रिया केलेले पाणी औष्णिक वीजनिर्मितीसाठी पुरवले जाते. वीजनिर्मितीस लागणारे नदीचे पाणी त्यामुळे वाचते. नाग नदीच्या प्रदूषण निवारणाचा प्रकल्प राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेच्या अंतर्गत मंजूर झाला आहे. गोसेखुर्द जलाशयात येणारे नाग नदीचे पाणी हा भंडारा जिल्ह्यात दीर्घकाळ सार्वजनिक चर्चेचा विषय राहिला आहे.

पोषकद्रव्ये: सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे तलावात शेवाळ आणि जलपर्णी वाढते. वाहत्या पाण्याच्या तुलनेत तलावात ही द्रव्ये तळाच्या गाळात साठून राहतात. त्यामुळे बाहेरून येणारे सांडपाणी थांबले तरी सुधारणा दिसण्यास काही वर्षे लागू शकतात.

मूर्तिविसर्जन: गणेशोत्सव व दुर्गोत्सवानंतर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, रंग आणि निर्माल्य पाण्यात जात असे. प्लास्टर ऑफ पॅरिस सहज विरघळत नाही, तर काही रंगांत शिसे व क्रोमियम यांसारखे जड धातू असतात. निर्माल्य कुजल्याने ऑक्सिजन घटतो. केंद्रीय मंडळाने मूर्तिविसर्जनाबाबत २०१० साली मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२० साली त्या सुधारल्या. विसर्जनापूर्वी, विसर्जनाच्या काळात आणि विसर्जनानंतर अशा तीन टप्प्यांत पाणी तपासण्याची पद्धत या सूचनांमुळे रूढ झाली. नागपूर महानगरपालिकेने शहरातील तलावांत विसर्जनास प्रतिबंध करून कृत्रिम टाक्यांची व्यवस्था केली आहे.

स्नान करणारी माणसे: पर्वकाळी मोठी गर्दी एकाच वेळी पाण्यात उतरली की स्नान करणाऱ्यांच्या शरीरावरूनही जिवाणू पाण्यात मिसळतात. प्रवाह मंद असलेल्या तलावात किंवा धरणाच्या फुगवट्यात हा परिणाम अधिक जाणवतो.

निष्कर्षांचा अर्थ लावताना

ऋतूनुसार पाण्याची स्थिती बदलते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींबरोबर रस्ते, नाले व उघड्या जागांवरील घाण वाहून येते आणि जिवाणूंची संख्या एकदम वाढते. पुढे पाण्याचे प्रमाण वाढल्याने ती काहीशी विरळ होते. उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे पातळी घटून क्षार व सेंद्रिय पदार्थ यांचे प्रमाण वाढते. अतिवृष्टीत वाहिन्या तुंबून सांडपाणी थेट पाण्यात मिसळते. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पूर आला. अशा घटनेनंतरच्या नमुन्याची तुलना नेहमीच्या नमुन्याशी करता येत नाही.

दिवसाच्या वेळेचाही परिणाम होतो. शेवाळाने भरलेल्या तलावात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर आढळतो, पण रात्रभर श्वसन चालल्याने पहाटे तो अत्यंत कमी होतो. त्यामुळे केवळ दुपारी घेतलेल्या नमुन्यावरून तलाव निरोगी असल्याचा गैरसमज होऊ शकतो.

राज्यातील अहवालांत जल गुणवत्ता निर्देशांक दिला जातो. त्यात विरघळलेला ऑक्सिजन (भार ०.३१), विष्ठाजन्य कोलिफॉर्म (०.२८), सामू (०.२२) आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (०.१९) या चार घटकांची बेरीज असते. ६३ ते १०० निर्देशांक चांगला ते उत्कृष्ट, ५० ते ६३ मध्यम ते चांगला, ३८ ते ५० वाईट, तर ३८ पेक्षा कमी वाईट ते अतिशय वाईट मानतात. प्रदेशांची तुलना करण्यास हा निर्देशांक सोयीचा आहे. मात्र उरलेले तीन घटक चांगले असतील तर कोलिफॉर्मचे प्रमाण अधिक असूनही एकूण आकडा समाधानकारक येऊ शकतो. स्नानाच्या निर्णयासाठी म्हणूनच कोलिफॉर्मचा मूळ आकडा पाहणे आवश्यक असते.

मर्यादा

निरीक्षणाची सर्वांत मोठी मर्यादा वेळेची आहे. नमुना घेतल्यापासून निष्कर्ष हाती येईपर्यंत काही दिवस जातात, आणि तोपर्यंत पर्वस्नान उरकलेले असते. मासिक तपासणीतून पाण्याची दीर्घकालीन प्रवृत्ती समजते, पण एखाद्या विशिष्ट दिवशी पाणी सुरक्षित होते किंवा नाही हे कळत नाही. यावर उपाय म्हणून अनेक देशांत मुसळधार पावसानंतर चाचणीची वाट न पाहता एक-दोन दिवस पाण्यात न उतरण्याची सूचना दिली जाते.

दुसरी मर्यादा दर्शक जिवाणूंची आहे. विषाणू व काही परजीवी हे जिवाणूंपेक्षा पाण्यात अधिक काळ टिकतात. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर व जनावरांच्या मूत्रातून पसरतो आणि त्याचा धोका कोलिफॉर्मच्या आकड्यावरून कळत नाही. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा उबदार गोड्या पाण्यात आढळतो आणि पाणी नाकात गेल्यास मेंदूचा प्राणघातक संसर्ग घडवतो. केरळमध्ये २०२४ व २०२५ साली अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. नील-हरित शैवालाची विषद्रव्येही स्नानाच्या प्राथमिक निकषांत समाविष्ट नाहीत.

समुद्रकिनारे व आंतरराष्ट्रीय पद्धती

भारतात समुद्राच्या पाण्यासाठी वेगळे वर्ग आहेत. स्नान, पोहणे व जलक्रीडा यांसाठीच्या दुसऱ्या वर्गात विष्ठाजन्य कोलिफॉर्मची मर्यादा दर १०० मि.लि.मध्ये १०० आहे, म्हणजे गोड्या पाण्याच्या इष्ट मर्यादेपेक्षा ती पाचपट कडक आहे. ‘ब्लू फ्लॅग’ हे किनाऱ्यांचे मानांकन डेन्मार्कमधील पर्यावरण शिक्षण प्रतिष्ठान ३३ निकषांवर देते. त्यासाठी स्नानाच्या हंगामात दोन नमुन्यांमधील अंतर ३१ दिवसांपेक्षा अधिक चालत नाही. भारतातील आठ किनाऱ्यांना ते प्रथम २०२० साली मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेने करमणुकीच्या पाण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००३ साली प्रसिद्ध केली आणि २०२१ साली त्यांची सुधारित आवृत्ती काढली. प्रयोगशाळेतील आकड्यांबरोबर परिसराची ‘स्वच्छता पाहणी’ करावी, म्हणजे नाले, शौचालये, जनावरे व वाहिन्या यांची नोंद घ्यावी, असे त्यांत सुचवले आहे. युरोपीय संघाचा २००६ चा निर्देश स्नानस्थळांची उत्कृष्ट, चांगले, पुरेसे व निकृष्ट अशी वर्गवारी करतो आणि ती त्या ठिकाणी फलकावर लावणे बंधनकारक ठरवतो. सलग पाच वर्षे निकृष्ट ठरलेल्या ठिकाणी स्नानास कायमस्वरूपी मनाई करावी लागते किंवा तसा कायमचा सल्ला द्यावा लागतो.

आरोग्यविषयक महत्त्व

दूषित पाण्यात स्नान केल्याने अतिसार, उलट्या, कानाचा व डोळ्यांचा संसर्ग आणि त्वचाविकार होऊ शकतात. मुले पाण्यात अधिक वेळ राहतात व अधिक पाणी गिळतात, म्हणून त्यांना धोका अधिक असतो. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनाही तो अधिक असतो. तीर्थस्थळी स्नानाबरोबर आचमन करण्याची व तीर्थ म्हणून पाणी घरी नेण्याची प्रथा आहे. ‘ब’ वर्गाचे निकष स्नानासाठी असून पिण्यासाठी नाहीत, त्यामुळे स्नानयोग्य ठरलेले पाणीही शुद्धीकरणाशिवाय पिण्यायोग्य समजता येत नाही.

हे सुद्धा पहा

* नाग नदी
* अंबाझरी तलाव
* गोसेखुर्द धरण
* राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था
* जलप्रदूषण